मतदारसंघांच्या सीमा कोणी आखाव्यात: आमदारांनी, आयोगाने की कारकुनांनी?

५० मतदार घ्या. ३० एका पक्षाचे, २० दुसऱ्याचे. दहा-दहांचे पाच मतदारसंघ पाडायचे. प्रत्येकात ६-४ अशी वाटणी केली तर मोठा पक्ष पाचही जागा नेतो. पण त्याचे १८ मतदार नऊ-नऊ करून दोनच मतदारसंघांत कोंबले, की उरलेल्या तीन जागा ६-४ ने छोट्या पक्षाकडे जातात. एकही मत इकडचं तिकडे झालेलं नाही.

रेघा विधिमंडळाने ओढाव्यात असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे: आमदार लोकांनी निवडलेले, चुकले तर लोक घरी बसवतील. पण ज्यांनी घरी बसवायचं, त्यांचीच वाटणी आमदार करतात. कुंपणच शेत खातं ते असं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ मध्ये सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसला आणि ‘जेरीमँडर’, म्हणजे पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखणं, हा शब्द जन्मला. २०१८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेसाठी डेमोक्रॅट्सना सुमारे ५३ टक्के मतं पडली, जागा मिळाल्या ९९ पैकी ३६. कोर्टाचं म्हणाल, तर पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी आपल्या कक्षेत येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं.

मग स्वतंत्र आयोग? कॅलिफोर्नियात १४ सदस्य असतात: दोन्ही मोठ्या पक्षांचे पाच-पाच, उरलेले चार दोन्हींबाहेरचे. पहिले आठ चिठ्ठीने निघतात, ते बाकीचे सहा निवडतात. नकाशाला तिन्ही गटांतून किमान तीन-तीन मतं लागतात. रचना चोख. तरी २०२५ मध्ये टेक्ससने आपल्या सोयीचा नकाशा केल्यावर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच संसदेच्या जागांपुरता आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. शेजारी खेळत असताना एकट्याने पंच आणायचा, हे कठीणच.

अमेरिकेतल्याच आयोवा राज्याची पद्धत कमी गाजलेली, माझा कौल मात्र तिलाच. विधिमंडळाच्या सेवेतले कर्मचारी नकाशा काढतात. विद्यमान आमदारांचे पत्ते, मतदारांचा पक्ष, मागचे निकाल यांपैकी काहीही विचारात घ्यायला त्यांना मनाई आहे. पहिल्या दोन नकाशांवर आमदारांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. तिसऱ्यात मात्र बदल करता येतो. तेवढी फट आहे.

तुमच्याकडे एका पक्षाची मतं शहरांतच एकवटली असतील, तर डोळे बांधून काढलेला नकाशाही कलतो. तिथे आयर्लंडसारखे तीन ते पाच जागांचे मतदारसंघ आणि पसंतिक्रमाचं मतदान आधी तपासा.