बचतीच्या कलमाने नेलेले ७,३६,८५१ रुपये

इमारत दुरुस्तीच्या करारात "खर्चात बचत झाल्यास निम्मी-निम्मी" असे कलम ठेकेदाराने घातले असेल, तर सही करण्याआधी स्वतःच्या इमारतीला टेप लावा. मुलुंडच्या आमच्या सोसायटीने तो लावला नाही, आणि ४८ सभासदांचे ७,३६,८५१ रुपये एका ठेकेदाराच्या खात्यात गेले. खजिनदार म्हणून धनादेशावर माझी सही आहे, त्यामुळे हे लिहिणेही माझ्याकडेच आले.

आमची इमारत १९९१ ची, तळमजला अधिक पाच मजल्यांची. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३(ब) प्रमाणे तीस वर्षे उलटलेल्या इमारतीला संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. ती झाली, सल्लागार नेमला गेला आणि त्याने ८६,५०,००० रुपयांचे अंदाजपत्रक केले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून आकडा १,०२,०७,००० झाला. प्रत्येक सदनिकेकडून २,१०,००० रुपये घेतले आणि उरलेले १,२७,००० दुरुस्ती निधीतून उचलले. निविदा मोहोरबंद मागवल्या, सर्वसाधारण सभेत उघडल्या, ठराव झाला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण आज जिन्याजिन्यात "समितीने खाल्ले" असे बोलले जाते.

करारातले सत्ताविसावे कलम असे होते: "ठेकेदाराच्या नियोजनामुळे अथवा पर्यायी पद्धतीमुळे अंतिम खर्च मंजूर अंदाजपत्रकापेक्षा कमी झाल्यास बचतीच्या पन्नास टक्के रक्कम ठेकेदारास प्रोत्साहन म्हणून देय राहील." मी विचारले तेव्हा सल्लागार म्हणाला, "काका, आंतरराष्ट्रीय करारांत असेच असते." ते अर्धे खरे होते आणि म्हणूनच चालून गेले. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या करारनमुन्यात असे कलम आहे. मात्र तिथे ठेकेदाराने पर्यायाचा लेखी प्रस्ताव स्वखर्चाने द्यायचा असतो, अभियंत्याने तो मान्य करायचा असतो, आणि दर्जा किंवा आयुर्मान घटत असेल तर तेवढे मूल्य वजा करून उरलेल्या फरकाचा निम्मा हिस्सा त्याला मिळतो. आमच्या कलमात प्रस्ताव नाही, मान्यता नाही, वजावट नाही. फक्त पन्नास टक्के आहेत.

अंदाजपत्रकात बाहेरच्या दुहेरी प्लास्टरचे परिमाण ३८,००० चौरस फूट धरले होते, दर ११५ रुपये. काम संपल्यावर मोजमाप वहीत प्रत्यक्ष काम भरले २७,१४० चौरस फूट. फरक १०,८६० चौरस फुटांचा, म्हणजे १२,४८,९०० रुपयांचा. ठेकेदाराने बचतीचे रंगीत पत्रक छापून प्रत्येक दारात दिले आणि सभेत टाळ्या पडल्या. आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिले, त्याचेही ८५० रुपये सोसायटीच्या खात्यातून गेले. मग निम्म्या बचतीचे बिल आले: ६,२४,४५० रुपये, अधिक जीएसटी १,१२,४०१.

त्या बिलाला जोडलेला तक्ता माझ्या टेबलावर दोन दिवस होता. त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते, "सुयोग्य नियोजनामुळे परिमाणात घट." नियोजनाने सिमेंट वाचेल, मजुरी वाचेल, परांचीचे भाडे वाचेल, उभी भिंत अकरा हजार फुटांनी आकसते कशी? इमारतीचा घेर ४५० फूट आणि उंची ६० फूट आहे. गुणाकार २७,००० येतो. खिडक्या वजा करा, छज्जे मिळवा, ३८,००० काही होत नाही. शिवाय ३८,००० हा आकडाच बोलका होता, कारण मोजलेली भिंत अशी गोल संख्येत कधी येत नाही. हे सगळे त्या कागदावर होते आणि मी बेरजा तपासत बसलो. बेरजा रुपयापर्यंत बरोबर होत्या. आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्याकडे बिल आले की तो बिल तपासतो, भिंत नाही. भिंत तपासण्यासाठी सल्लागाराला पैसे दिले होते. त्याची अडीच टक्के फी कशावर ठरली होती, तर अंदाजपत्रकावर. २,१६,२५० रुपये. प्रत्यक्ष कामावर फी असती तर त्याने भिंत एवढी फुगवली असती का, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

आपला करार आयटम रेटचा असेल, तर जेवढे काम तेवढेच पैसे, हा त्याचा पायाच आहे. न झालेल्या कामाचे पैसे आपल्याकडेच राहणार असतात. त्याला बचत म्हणू देऊ नका.

भाववाढीचे कलमही एकाच बाजूचे होते: पाच टक्क्यांवरची वाढ सोसायटीने सोसायची, घट झाली तर काय याबद्दल अक्षर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा आम्ही दरात सूट मागितली. त्या कराची वजावट मला माझ्या जीएसटीतून मिळतच होती, असे ठेकेदाराचे उत्तर आले. एवढा एक मुद्दा त्याचा बरोबर निघाला. करकपातीचा लाभ न दिल्याची तक्रार करा, असे एका सभासदाने सुचवले. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७१ खालच्या अशा नव्या तक्रारी १ एप्रिल २०२५ पासून घेतल्याच जात नाहीत, आणि आमचा वाद कराचा नव्हताच.

पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने करार उलटासुलटा केला, शेवटचे पान उघडले आणि "सही तुमचीच ना? मग हा दिवाणी वाद आहे," म्हणून फाइल परत दिली. अंदाजपत्रकच खोटे आहे हे ऐकून घ्यायला त्यांना वेळ नव्हता. सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात ठेकेदार सभासद नसल्याने विषय अधिकारात येत नाही, असे तोंडी सांगितले. लेखी द्या म्हटल्यावर साहेब बैठकीला गेले. त्याच कार्यालयाने पुढे एका सभासदाच्या अर्जावर आमच्या समितीकडेच खुलासा मागवला, आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली नुकसान पदाधिकाऱ्यांकडून वसूल होऊ शकते याची आठवण करून दिली. म्हणजे चोराला हात लावायचा अधिकार नाही, फिर्याद्याला लावायचा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे आणि ती नुकसानीवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर मोजतात. आमचा मोबदला ७४,०१,१०० रुपये, म्हणून सात लाखांसाठी राज्य आयोगात जावे लागणार. मुदत दोन वर्षांची आहे, ती विसरू नका.

ठेकेदाराच्या बिलांतून राखून ठेवलेली पाच टक्के अनामत, ३,७०,०५५ रुपये, अजून सोसायटीकडे आहे. ती व्याजासह मागणारी त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. उत्तरासोबत दुसऱ्या अभियंत्याकडून करून घेतलेले मोजमाप जोडत आहोत. अनामत सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय सोडू नका, सल्लागाराने कितीही पत्रे दिली तरी.