पावसाळ्यात शाळेत काळे बूट की सँडल?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि कोकणात, मुंबईत पाऊसही तेव्हाच सुरू होतो. काळे बूट आणि पायमोजे सक्तीचे असले की मूल दारात पोहोचेपर्यंत मोजे चिंब होतात आणि तसेच पाच-सहा तास पायात राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते. रात्री पंख्याखाली ठेवलेले बूटही सकाळी ओलसरच. दुसरा जोड घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. २०२३ मध्ये सरकारनेही सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एकच जोडी बूट मंजूर केले, पायमोजे मात्र दोन जोड्या.

मागे पट्टा असलेली पावसाळी सँडल दहा मिनिटांत सुकते, पायाला वारा लागतो. शाळेचा आक्षेप असतो तो शिस्तीचा आणि एकसारखेपणाचा. त्यातलं एकसारखेपण मला पटतं, कारण महागड्या चपलांवरून मुलांत तुलना होतेच. पण रंग काळा ठरवून दिला की तोही प्रश्न बराचसा मिटतो. मैदानावर बूटच बरे, तिथे उघडी बोटं ठेचकाळतात.

माझं मत स्पष्ट आहे: जून ते सप्टेंबर काळी सँडल, पुढे बूट. आणि ओल्या पायांच्या मुलाला वर्गाबाहेर उभं करणं आधी थांबवा.