घरी करायची फ्लूची चाचणी: पक्ष्यांत वावरणाऱ्यांनी या किटवर किती विसंबावे?

पक्ष्यांवर उपचार करणे हे माझे काम असल्यामुळे फ्लूची घरी करायची ही अँटिजेन (विषाणूची प्रथिने ओळखणारी) चाचणी मी वर्षभरापासून कपाटात ठेवते. घरातल्या माणसाला फ्लू आहे की नुसती सर्दी, एवढाच प्रश्न असेल तर किट उपयोगी आहे. काडीचे टोक मऊ आहे, थेंबांची बाटली गळत नाही, सूचनापत्रातील चित्रे ठसठशीत आहेत आणि निकाल १५ मिनिटांत मिळतो. माझी तक्रार खोक्यावरील मजकुराबद्दल आहे. हे किट ए प्रकारचा इन्फ्लुएंझा ओळखते, असे तेथे मोठ्या अक्षरांत छापले आहे. बर्ड फ्लूचा एच५एन१ हाही ए प्रकारचाच विषाणू असल्यामुळे, कोंबड्यांच्या शेडमध्ये राबणारा माणूस पट्टीवर एकच रेघ, म्हणजे ‘फ्लू नाही’ असा निकाल, पाहून निर्धास्त होईल, अशी मला भीती वाटते. मी स्वतःही त्या रात्री क्षणभर तशीच निर्धास्त झाले होते.

एका शेडमध्ये अचानक मरतूक वाढली होती आणि मेलेल्या पक्ष्यांचे नमुने घेताना वाफ धरलेला संरक्षक चष्मा मी दोन मिनिटांसाठी काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा डोळा लाल होऊन चिकटला, पापणीखाली वाळू गेल्यासारखे खुपू लागले आणि संध्याकाळपर्यंत ताप ३८.५ अंश सेल्सिअसवर गेला. नाकात काडी फिरवून चाचणी केली, तर चाचणी नीट झाल्याचे दाखवणाऱ्या ‘सी’पाशी एक गुलाबी रेघ उमटली आणि फ्लू असल्याचे दाखवणाऱ्या ‘टी’पाशी काहीच नाही. पट्टी दिव्याखाली तिरकी धरून मी पुन्हा पुन्हा पाहिली. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा रेघेबद्दल ऐकण्याआधी त्यांनी विचारले, “मेलेल्या पक्ष्यांना हात लावला होता का?” मला वेगळ्या खोलीत राहायला सांगून त्यांनी ओसेल्टामिविर त्याच रात्री सुरू केले, कारण हे औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, आणि नाक, घसा व डोळा अशा तिन्ही ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर या अधिक अचूक तपासणीसाठी पाठवले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५ सापडला नाही, माणसांतल्या हंगामी फ्लूचा एच३एन२ सापडला. म्हणजे किटला साधा फ्लूदेखील दिसला नव्हता.

अशा चाचणीला नमुन्यात विषाणू भरपूर असावा लागतो. हंगामी फ्लूचा विषाणू नाकाघशातील पेशींना सहज चिकटतो, पण पक्ष्यांच्या विषाणूला जुळणारे ग्राहक (पेशींवरील ज्या रेणूंना विषाणू चिकटतो ते रिसेप्टर) माणसाच्या फुप्फुसांत खोलवर आणि डोळ्याच्या आवरणात अधिक असतात. त्यामुळे नाकातल्या काडीला तो सापडेलच असे नाही. शिवाय ‘टी’ची रेघ उमटली तरी ती एच५एन१ची की हंगामी फ्लूची, हे किट सांगू शकत नाही.

लक्षणेही फसवी असतात. संसर्गानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत ताप, खोकला, घसादुखी आणि अंगदुखी सुरू होते, पण प्रत्येक वेळी असेच घडत नाही. २००३मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ या बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या विषाणूची साथ आली, तेव्हा ८९ बाधितांपैकी बहुतेकांचे फक्त डोळे आले होते, मात्र त्याच साथीत एका पशुवैद्यकाचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. माझ्याच पेशातला तो माणूस डोळा लाल झाला की आजही आठवतो. २००४मध्ये व्हिएतनाममधील एच५एन१ झालेल्या एका लहान मुलाला सुरुवातीला श्वसनाचा त्रासच नव्हता. जुलाबांनंतर झटके आले, तो बेशुद्ध झाला आणि दगावला.

आजार वाढला तर तो फुप्फुसांत उतरतो. न्यूमोनिया होतो, काही दिवसांतच श्वास अपुरा पडू लागतो, फुप्फुसांत द्रव साठून कृत्रिम श्वासाची वेळ येते, आणि पुढे जंतुसंसर्गाची भर, मूत्रपिंडे निकामी होणे, मेंदूला सूज आणि एकाहून अधिक अवयव बंद पडणे इथपर्यंत मजल जाते. २००३पासून जगभरात नोंदलेल्या एच५एन१च्या ९००हून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. सौम्य रुग्णांची नोंद अनेकदा होत नसल्याने खरे प्रमाण कमी असू शकते, पण दम लागणे, छातीत दुखणे किंवा भ्रमिष्टपणा दिसत असताना पट्टीवरच्या रेघेची वाट पाहत बसणे कोणालाच परवडणारे नाही.

यातले काहीही सूचनापत्रात नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘लक्षणे राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा’ एवढेच वाक्य आहे. आजारी पक्षी, त्यांची विष्ठा किंवा बाधित गुरांचे कच्चे दूध यांच्याशी गेल्या दहा दिवसांत संपर्क आला असेल तर हे किट पुरेसे नाही, ही सूचना पहिल्याच पानावर हवी. उत्पादकांना मी तसे कळवले आहे.

साध्या फ्लूसाठी या किटला मी पाचपैकी तीन तारे देईन आणि पुन्हा विकतही घेईन. कपाटातल्या खोक्यावर मात्र मी जाड मार्करने लिहून ठेवले आहे: पक्ष्यांना हात लावला असेल तर आधी डॉक्टरांना फोन.