वर्षभर ब्लेंडर वापरल्यानंतर: गेम आर्ट शिकणाऱ्याचा अनुभव

गेम आर्टिस्ट होण्याच्या उद्देशाने मी गेले जवळपास वर्षभर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर रोज वापरत आहे. सोबतीला चित्रे रंगवण्यासाठी क्रिता आणि पडदा नसलेला एक साधा पेन टॅब्लेट, एवढीच सामग्री आहे. त्यावर शिकून एका छोट्या मोबाईल गेमसाठी वस्तूंची मॉडेल्स करण्याचे पहिले मानधनाचे काम मिळाले. फुकटच्या सॉफ्टवेअरवर शिकून या क्षेत्रात पाऊल ठेवता येते का, असे अनेक विद्यार्थी विचारतात. माझ्या अनुभवावरून त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र मॉडेलिंगच्या (वस्तूचा आकार घडवण्याच्या) बाबतीत तो होकार जितका ठाम आहे, तितका टेक्श्चरिंगच्या (त्यावर रंग आणि पोत चढवण्याच्या) बाबतीत नाही, आणि हा फरक सुरुवातीलाच माहीत असलेला बरा.

ब्लेंडर मोफत आहे म्हणजे ते हौशी लोकांचे साधन आहे, हा समज अजूनही ऐकू येतो. मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ साली वापरकर्त्यांनीच एक लाख युरो उभे करून हे सॉफ्टवेअर मुक्त करून घेतले आणि तेव्हापासून ते सर्वांसाठी खुले आहे. २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीने त्याचा चेहरामोहरा बदलला आणि त्याच वर्षी एपिक गेम्स या गेम कंपनीने त्याच्या विकासासाठी बारा लाख डॉलरचे अनुदान दिले. ब्लेंडरमध्ये केलेले काम विकण्यावर कोणतेही बंधन नाही. विद्यार्थी परवान्यावर शिकलेल्यांपुढे परवान्याची मुदत संपल्यावर जो प्रश्न उभा राहतो, तो इथे उद्भवत नाही, आणि पहिले काम मिळण्याआधीच्या अनिश्चित महिन्यांत हा दिलासा मोठा असतो.

मी ४.२ ही दीर्घकालीन देखभालीची आवृत्ती निवडली आणि नवशिक्यांनाही अशीच आवृत्ती सुचवेन, कारण तिला दोन वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि शिकता शिकता बटणांच्या जागा बदलत नाहीत. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन नमपॅडचे (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळांचे) अनुकरण सुरू करावे आणि तीन बटणांचा माऊस घ्यावा. तीनशे रुपयांचा माऊस हातात आला की दृश्य फिरवण्याची सगळी कटकट मिटते. सुरुवातीला कीबोर्डवरच्या शॉर्टकटची संख्या छाती दडपवणारी वाटते, पण मॉडेलिंगला रोज लागणाऱ्या आठदहा कळा लवकरच अंगवळणी पडतात.

खरी परीक्षा एखादी वस्तू पूर्ण करताना होते, म्हणून एका वस्तूचे उदाहरण सविस्तर देतो. पोर्टफोलिओसाठी मी दगडी जाते निवडले. दिसायला दोन गोल दगड आणि एक लाकडी खुंटा, पण गेम आर्टमधले बहुतेक प्रश्न या एका वस्तूत सामावलेले आहेत. आधी साध्या सिलिंडरमधून प्रमाणे ठरवली: दीड फुटाचा व्यास, वरच्या दगडात धान्याची मूठ घालायचे तोंड, कडेला खुंट्याचे भोक. मग मातीसारखे कोरता येणाऱ्या स्कल्प्ट मोडमध्ये त्याची तपशीलवार प्रत केली. कडांचे टवके उडवले आणि दळणाच्या पृष्ठभागावर टाकी लावल्याच्या खुणा कोरल्या. त्या खुणा एकसारख्या आल्या की दगड प्लॅस्टिकचा वाटू लागतो. टाकी लावणाऱ्याचा हात एका दिशेने चालतो, पण प्रत्येक घाव वेगळ्या खोलीचा असतो, आणि ही अनियमितता ब्लेंडरच्या ब्रशला पेनचा दाब जोडला की छान उतरते. ही प्रत लाखो बहुभुजांची, म्हणजे पृष्ठभागाच्या लहान तुकड्यांची होते. मोबाईल गेमला ती चालत नाही, म्हणून तीच वस्तू हजार-दीड हजार त्रिकोणांत पुन्हा बांधावी लागते आणि तपशीलवार प्रतीचे उंचसखलपण नॉर्मल मॅप नावाच्या एका चित्रात उतरवावे लागते. यालाच बेकिंग म्हणतात.

बेकिंग हा ब्लेंडरचा मला सर्वांत कमकुवत वाटलेला भाग आहे. ते फक्त सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये (दृश्याचे अंतिम चित्र काढणाऱ्या भागात) चालते. प्रत्येक मटेरियलमध्ये (पृष्ठभागाच्या गुणधर्मांच्या मांडणीत) रिकाम्या चित्राचा नोड, म्हणजे जोडता येणारा एक चौकोन, जोडून तो निवडलेला ठेवावा लागतो, त्या चित्राची रंगव्यवस्था 'नॉन-कलर' करावी लागते, आणि बेक झालेले चित्र वेगळे जतन करावे लागते. यातले काही राहिले तर निकाल बिघडतो, पण नेमके काय राहिले हे सॉफ्टवेअर नीट सांगत नाही. जात्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दोन दगड एकमेकांवर टेकलेले असताना बेक केले, तर वरच्या दगडाच्या खुणा खालच्यावर उमटतात, म्हणून दोन्ही दगड दूर सरकवून बेक करावे लागतात. शिवाय काटकोनातली कडा जिथे 'शार्प' ठेवली आहे, तिथे यूव्हीचा (पृष्ठभाग सपाट उलगडून केलेल्या नकाशाचा) जोडही तोडावा लागतो, नाहीतर त्या कडेवरून एक बारीक रेघ धावताना दिसते. तत्त्व म्हणून हे सर्व सॉफ्टवेअरांना लागू आहे. परंतु खास बेकिंगसाठी बनवलेली साधने हे टप्पे वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोर मांडतात आणि ब्लेंडर ते मेनूंच्या पोटात ठेवते. तरीही बेकिंग पहिल्यांदा इथेच शिकावे असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण इथे प्रत्येक टप्पा हाताने करावा लागत असल्याने त्यामागचे कारण कायमचे समजते.

टेक्श्चरिंगची गोष्ट वेगळी. ब्लेंडरच्या टेक्श्चर पेंटमध्ये थर नाहीत. नोड जोडून किंवा ॲड-ऑन घालून थरांसारखे काम करता येते, पण धूळ, डाग, झीज असे एकावर एक चढवत जाण्याची सहजता त्यात येत नाही. हाताने रंगवलेल्या शैलीसाठी मी यूव्हीचा आराखडा क्रितात नेतो. तिथे 'डब्ल्यू' दाबले की चित्र चारही बाजूंना स्वतःशी जोडलेले दिसते आणि सारवलेल्या जमिनीसारखे सलग पोत जोड न दिसता रंगवता येतात. अशा शैलीत पैसे न खर्चता उत्तम काम होते. वास्तववादी शैलीत मात्र स्टुडिओ सबस्टन्स पेंटर या टेक्श्चरिंगच्या सॉफ्टवेअरचीच अपेक्षा ठेवतात. त्याची मासिक वर्गणी विद्यार्थ्याला जड जाते, पण स्टीम या ऑनलाइन दुकानात त्या त्या वर्षाची आवृत्ती एकरकमी मिळते आणि माझ्या मते नवशिक्याने एकाच गोष्टीवर पैसे खर्चायचे असतील तर ते यावर खर्चावेत.

युनिटी किंवा अनरियलसारख्या गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्यावर बांधला जातो त्या सॉफ्टवेअरमध्ये, वस्तू नेताना दोन गोष्टी हमखास त्रास देतात. ब्लेंडर आणि युनिटी नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल (चित्रातली हिरव्या रंगाची माहिती) एका दिशेने वाचतात आणि अनरियल उलट दिशेने, त्यामुळे अनरियलमध्ये टाकीचे खोलगट घाव फुगीर टेंगळांसारखे दिसू लागतात. बेक करतानाच हिरव्या चॅनेलची दिशा उलटी निवडता येते किंवा अनरियलमध्ये तो चॅनेल पालटण्याची एक खूण करता येते. दुसरी गोष्ट स्केलची, म्हणजे वस्तू मोठी-लहान केल्याच्या प्रमाणाची. यूव्ही उलगडण्यापूर्वीच कंट्रोल आणि ए दाबून स्केल वस्तूत मुरवले नाही, तर यूव्ही ताणले जातात आणि इंजिनमध्ये वस्तूचे माप भलतेच निघते.

आता कामधंद्याबद्दल. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे आणि 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला गेम २०२० साली पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने आणला, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र परके वाटण्याचे कारण नाही. तरीही कामाचे स्वरूप ओळखून तयारी करावी. गेममधली पात्रे आणि जगे कागदावर कल्पून काढणाऱ्या कॉन्सेप्ट आर्टिस्टच्या जागा मोजक्याच असतात. वस्तू, इमारती आणि परिसर उभारणाऱ्यांची गरज त्यामानाने बरीच जास्त असते, आणि परदेशी गेमसाठी भारतात होणारे काम बहुतांशी याच प्रकारचे असते. मोठ्या स्टुडिओंच्या जाहिरातींत माया किंवा थ्रीडीएस मॅक्स या थ्रीडी सॉफ्टवेअरचा उल्लेख असतो, परंतु टोपॉलॉजी (पृष्ठभागाच्या तुकड्यांची मांडणी), यूव्ही आणि बेकिंग यांची समज सॉफ्टवेअर बदलले तरी टिकते. मला काम देणाऱ्या छोट्या स्टुडिओने मॉडेल कशात केले हे विचारलेही नाही. त्यांनी जात्याची जाळी (त्रिकोणांची रचना), त्याचे यूव्ही आणि इंजिनमधले दृश्य मागून घेतले, आणि खुंट्याच्या यूव्हीला वरच्या दगडापेक्षा जास्त जागा का दिली, एवढे एकच विचारले. कॅमेरा जवळ आला की डोळा हात लावायच्या जागेकडे जातो, म्हणून तिथे पिक्सेल जास्त दिले, हे माझे उत्तर त्यांना पटले. पुढची बोलणी थेट मानधनाची आणि मुदतीची झाली.

एका शिकवणी वर्गाने गेम आर्टच्या अभ्यासक्रमासाठी मला काही लाखांचे शुल्क सांगितले होते आणि त्यात पोर्टफोलिओसाठी पूर्ण करून घेतल्या जाणाऱ्या वस्तूंचा उल्लेखच नव्हता. वर्गात जाणे गैर नाही. नियमित वेळ, सोबतचे विद्यार्थी आणि काम तपासून देणारा अनुभवी शिक्षक यांचे मोल मोठे आहे, आणि ब्लेंडर एकट्याने शिकताना मला सर्वाधिक उणीव भासली ती अशा तपासणाऱ्या नजरेचीच. मात्र शुल्क भरण्यापूर्वी तिथल्या मागच्या तुकडीचे पोर्टफोलिओ मागून पाहावेत, आणि नुसत्या चकचकीत रेंडर प्रतिमांवर समाधान न मानता इंजिनमध्ये चालणाऱ्या वस्तू, त्यांची जाळी आणि टेक्श्चरचे तक्ते दाखवण्याचा आग्रह धरावा.