कालव्यावर रात्री होडी लावायची कुठं? शिवारात, गावात, पबपाशी की मरीनात

आमच्या गल्लीतली दोन कुटुंबं जूनमध्ये इंग्लंडला निघालीत. एकाची लेक मँचेस्टरला नोकरीला आहे, दुसरं घर सोबतीला. व्हिसा झाला, तिकिटं झाली, लँगॉलेन कालव्यावर आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे राहायची सोय असलेली लांब अरुंद होडी, भाड्यानं घ्यायचंही ठरलं. कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाताखाता गाडी अडली ती एकाच ठिकाणी: रात्री होडी बांधायची कुठं? पहिला म्हणतो, मरीनात, म्हणजे होड्या लावायच्या खासगी तळावर, पैसे भरू आणि निवांत झोपू. दुसरा म्हणतो, एवढ्या लांब जाऊन पार्किंगमध्येच झोपायचं तर कावळा नाका काय वाईट आहे? आम्ही त्या कालव्यावर सात रात्री काढून आलोय, त्यामुळं निवाडा माझ्यावर आला. तो भेळीच्या एका पुडीत मावला नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी कोल्हापूरकराच्या डोक्यातली एक भीती बाजूला काढतो. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला पाण्याजवळ झोपायचं म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो, रात्रीत पाणी चढलं तर? कालव्यावर हा प्रश्न जवळजवळ नाहीच. पाणी बहुतेक ठिकाणी कमरेला-छातीला लागेल एवढंच असतं. होड्यांना वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे झपझप चालणारा माणूस होडीच्या पुढं जातो. तिथली काळजी उलटी आहे: पाणी चढत नाही, उतरतं.

हे आम्ही अनुभवानं शिकलो. चढ-उताराच्या जागी कालव्यावर लॉक असतात. पुढं-मागं दरवाजे आणि मधे फक्त 7 फूट रुंदीचा हौद, त्यात 6 फूट 10 इंचांची नॅरोबोट जेमतेम मावते. हौदात पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली न्यायची. आपल्या बंधाऱ्याला बर्गे घातले तरी फटीतून पाणी झिरपत राहतं की नाही, तसेच हे लाकडी दरवाजे गळतात. दोन लॉकमधला तुकडा लांब असला तर काही फरक पडत नाही. पण तो दोनशे-तीनशे पावलांचाच असला, किंवा कुणी दरवाजाची पाणी सोडायची झडप नीट बंद न करता निघून गेलं, तर सकाळपर्यंत त्यातलं पाणी चांगलंच खाली जातं. आम्ही दुसऱ्या रात्री नेमकी अशाच तुकड्यात होडी लावली, कारण जागा दिसायला सुंदर होती आणि अंगात पुढचं लॉक ओढायची ताकद उरली नव्हती. पहाटे पाचला ओट्यावरचं पातेलं घरंगळत आलं तेव्हा जाग आली. होडीचा एक काठ तळाला टेकलेला, आम्ही सगळे भिंतीकडं कललेले, आणि दोर इतके ताणलेले की गाठ सुटेना. कुणाला इजा झाली नाही, पण मावशी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हा पहिला नियम हा: दोन जवळजवळच्या लॉकमधे मुक्काम नको, जागा कितीही देखणी असली तरी.

होडी कुठं बांधता येते याचे नियम सोपे आहेत. कालव्याच्या एका काठानं पायवाट असते, तिला टोपाथ म्हणतात. पूर्वी याच वाटेनं घोडे होड्या ओढत चालायचे. वेगळी पाटी नसली तर टोपाथच्या बाजूला साधारण 14 दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं. समोरचा काठ बहुतेक खासगी असतो, तिथं विचारल्याशिवाय लावायची नाही. लॉकच्या तोंडाशी, पुलाखाली, वळणावर, पाण्याच्या नळापाशी आणि होड्या वळवायच्या रुंद जागेत तर नाहीच नाही.

आता जागा एकमेकींसमोर ठेवून बघू.

दुसऱ्या मित्राला हवंय ते शिवार. दोन्हीकडं कुरणं, मेंढ्या, आणि आपली एकटी होडी. एल्समिअरजवळ ब्लेक मिअर नावाचं तळं आहे. तिथं कालवा आणि तळं यांच्यात झाडांची एक पट्टी तेवढी उरते. संध्याकाळी तिथं बसलं की रंकाळ्याची आठवण येते, फक्त गर्दी आणि कणसाचा धूर वजा करून. पण शिवारात बांधायचं म्हणजे कडी-खुंटा आयता मिळत नाही. लोखंडी मेखा घणानं ठोकायच्या, त्याही पाण्याच्या कडेला तिरक्या, वाटेच्या मधे नव्हे. पाऊस पडून माती मऊ झाली आणि एखादी होडी जोरात बाजूनं गेली, की मेख उपटून येते. काठाला लोखंडी पत्रा लावलेला असला तर त्याच्या मागं अडकवायचे आकडे मिळतात, ते मेखेपेक्षा कितीतरी भरवशाचे. मेख ठोकलीच तर तिला पांढरी पिशवी बांधा, नाहीतर अंधारात एखादा सायकलवाला त्यात अडकून पडेल. मोठ्या झाडाखाली लावू नका. फांदीची भीती असतेच, आणि पाऊस थांबल्यावरही रात्रभर छतावर टपटप चालू राहते. आणखी एक गोष्ट, रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर जवळचा रस्ता कुठं, पुलाचा नंबर काय, हे आधीच बघून ठेवावं लागतं. तिथल्या प्रत्येक पुलावर नंबर असतो आणि मदतीला बोलावताना तोच पत्ता.

गावालगतचे मुक्काम वेगळे. पाहुण्या होड्यांसाठी राखलेल्या या जागांना कड्या किंवा खुंटे बसवलेले असतात, काठ पक्का असतो आणि पाटीवर मुदत लिहिलेली असते, कुठं 24 तास, कुठं 48. घण हातात घ्यायची गरज नाही, म्हातारी माणसं सहज उतरतात, मागं-पुढं चार होड्या असतात. एल्समिअरला कालव्याचा एक छोटा फाटा थेट गावात शिरतो आणि त्याच्या टोकाला सुपरमार्केट आहे. दूध संपलं म्हणून कुणाचा चेहरा पडायचं कारण नाही. व्हिटचर्चला मात्र कालव्यापासून गावात जायला मैलभर चालावं लागतं, पिशव्या घेऊन परत येताना तो मैल दोन होतो. या जागांची खोट एकच, दुपारी चारनंतर त्या भरतात. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो म्हणून आपण सातपर्यंत होडी हाकत राहतो आणि पोचतो तेव्हा पंचावन्न फुटी होडीला पंधरा फुटांची जागा शिल्लक असते.

पबपाशी लावायचं आकर्षण समजू शकतो. काही पबवाले जेवायला येणाऱ्यांना आपल्या काठावर रात्रभर फुकट थांबू देतात. आत जाऊन विचारायचं एवढंच. पण शुक्रवार-शनिवारी अकरापर्यंत गोंगाट ठरलेला, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तिथलं जेवण दोनदा पुरतं. एक रात्र ठीक.

शहराचं काय? बर्मिंगहॅमचं गॅस स्ट्रीट बेसिन (बेसिन म्हणजे होड्या थांबायची कालव्याची रुंद जागा) बघण्यासारखं आहे, विटांच्या जुन्या इमारती, भोवती हॉटेलं, रात्री दिव्यांचं प्रतिबिंब. लँगॉलेनच्या वाटेवर ते येत नाही, पण हे दोघं पुढच्या वेळी जातीलच म्हणून सांगतो. शहरात अगदी मधल्या, वर्दळीच्या, उजेडाच्या जागी लावा, नाहीतर शहर पूर्ण ओलांडून पलीकडं जा. मधला पट्टा, म्हणजे बंद कारखान्यांच्या मागचा, पुलाखाली रंगवलेल्या भिंतींचा, तिथं थांबायचं नाही. एक खूण उपयोगी पडते: लॉकच्या झडपांना वेगळी किल्ली लागणारी कुलपं असतील, तर तिथं उनाडांचा त्रास झालेला आहे असं समजायचं. आणि कुठंही असलात तरी दोराची गाठ काठावर ठेवू नका. दोर कडीतून ओवून टोक परत होडीवर आणून बांधा. काठावरची गाठ जाता-येता कुणीही गंमत म्हणून सोडतं. छतावरचा मधला दोर रात्री बांधून ठेवू नये. बाजूनं होडी गेली की तो वरून ओढ देतो आणि होडी कलते. पुढचा आणि मागचा, दोन्ही तिरके, पुरे.

आता मरीना. पहिल्या मित्राचं अगदीच चुकीचं नाही. वीज जोडून मिळते, फाटकाला कुलूप असतं, संडासाची टाकी रिकामी करता येते, गरम पाण्याची अंघोळ मिळते. चार जणांच्या घरात हे किती मोलाचं आहे ते चौथ्या दिवशी कळतं. त्यात एक नियम आहे जो आपल्याकडच्या लोकांना झेपत नाही: रात्री 8 ते सकाळी 8 इतर होड्यांच्या जवळ इंजिन चालवायचं नाही. म्हणजे इंजिनावर पाणी तापवणं, बॅटरी चार्ज करणं, सगळं आठच्या आत. मरीनात वीज असल्यानं हा प्रश्न सुटतो. (कुकरच्या शिट्टीबद्दल नियम नाही. तीन शिट्ट्या झाल्या तेव्हा शेजारच्या होडीतले आजोबा बाहेर येऊन बघून गेले, बोलले काही नाहीत.) पण दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दुसऱ्या होडीच्या खिडक्या असतात आणि समोर गाड्या. लँगॉलेन गावातलं बेसिन याला अपवाद. रात्रीचं भाडं भरावं लागतं, पण वीज-पाणी आहे, सभोवार डोंगर आहेत आणि गाव पायाखाली. तिथं पोचायच्या आधी पाँटकसिल्टे जलसेतू लागतो, 1805 सालचा, 38 मीटर उंच, आणि पायवाटेच्या विरुद्ध बाजूला कठडाच नाही. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना पक्की जागा लागते, घण मारायची उमेद कुणात राहत नाही.

नदीवर जाणारे कालवेही आहेत, तिथं मात्र आपला पुराचा अनुभव कामी येतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर इशारा आणि 43 वर धोका, हे आपल्याला तोंडपाठ असतं. तिकडच्या नद्यांवरही प्रवाह वाढला की इशारे लावतात, ते लागलेले दिसले की नदीत शिरायचं नाही. मुक्काम पडलाच तर तोंड प्रवाहाच्या उलट आणि दोराला पाण्याच्या चढ-उताराइतका सैलपणा. पहिल्या खेपेला नदी टाळा, एवढंच म्हणेन.

थंडीत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शेगडी पेटती ठेवून हवेच्या जाळ्या बंद करून झोपायचं नाही. होडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो, तो पहिल्याच दिवशी दाबून वाजतो का बघा.

तर निवाडा. ज्याच्यासोबत सत्तरीतले आई-वडील आहेत त्यानं गावालगतच्या कड्यांच्या जागा धराव्यात आणि आठवड्यात एक रात्र मरीनाला द्यावी, तिसरी किंवा चौथी, पाण्याची टाकी आणि माणसांचा धीर दोन्ही संपत आलेले असतात तेव्हा. ज्याची पोरं कॉलेजात आहेत त्यानं खुशाल शिवारात राहावं, मेखा पोरं ठोकतील. दोघं एकाच होडीत असतील तर माझं मत गावाच्या अलीकडच्या मैलाला: जिथं दोन-चार होड्या आधीच लागल्यात, रस्त्याचा पूल दिसतो, पण गाड्या ऐकू येत नाहीत. अशी जागा नकाशावर सापडत नाही. दुपारी तीनपासून कुणीतरी पुढं उभं राहून बघत राहावं लागतं, आणि साडेतीनला आवडलेली जागा "अजून उजेड आहे" म्हणून सोडायची नसते.

मेखा, घण, दोर सगळं होडीतच मिळतं. कोल्हापुरातून न्यायचा तो कांदा-लसूण मसाला, आणि तो आम्ही नेला त्याच्या दुप्पट.