अंगठ्याखाली झाकलेले तिकीट

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटे एका अनोळखी माणसाकडून विकत घेताना माझी १८,००० रुपयांची फसवणूक झाली. रक्कम कोणाला मोठी वाटेल, कोणाला किरकोळ. पण ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती पद्धत आजही तशीच चालू आहे हे मी स्वतः पाहिले आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

मी ठाण्यात राहते आणि महाविद्यालयात असल्यापासून मुंबईतल्या संगीताच्या कार्यक्रमांना जाते. धोबी तलावच्या रंगभवनात उघड्यावर होणारे रॉकचे कार्यक्रम मी अगदी शेवटच्या काळात पाहिले. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात आल्याने ते थांबले. त्यानंतर वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतला ब्लूज महोत्सव, काळा घोड्याच्या महोत्सवातले विनामूल्य कार्यक्रम, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या मैफली असे जमेल तसे आणि परवडेल तसे ऐकत आले. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट गृहीत धरायची सवय लागली होती. कोणाचा मित्र ऐनवेळी आला नाही, तर तो माणूस प्रवेशद्वाराशी जास्तीचे तिकीट घेऊन उभा राही आणि छापील किमतीला देऊन टाकी. मी स्वतः अशी तिकिटे घेतली आहेत आणि दिलीही आहेत. गाणे ऐकायला आलेला माणूस दुसऱ्या ऐकणाऱ्याला लुबाडत नाही, हा आमच्यातला न बोललेला विश्वास होता, आणि मला फसवणाऱ्याने नेमका त्याच विश्वासाचा उपयोग केला.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी दुपारी बारा वाजता तिकिटांची अधिकृत विक्री सुरू झाली. १८ आणि १९ जानेवारी असे दोन दिवस आधी जाहीर झाले होते आणि मागणी पाहून २१ तारखेचा तिसरा कार्यक्रम त्याच दिवशी वाढवण्यात आला. मी आणि माझी भाची दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो होतो. रांगेतला आमचा क्रमांक लाखांच्या घरात होता आणि आमची पाळी येईपर्यंत तिन्ही दिवसांची तिकिटे संपली होती. २,५०० रुपयांपासून सुरू होणारी ती तिकिटे त्याच संध्याकाळी काही पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर कित्येक पट किमतीला दिसू लागली. तो काळा बाजार पाहून मला संताप आला आणि एवढे पैसे कोणाला द्यायचे नाहीत असे मी ठरवले. पण भाचीला त्याच जानेवारीत अठरावे वर्ष लागणार होते आणि मी तिला शब्द दिलेला होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संगीतप्रेमींच्या एका समूहात एक संदेश आला. चुलतभावाचे लग्न नेमके १९ जानेवारीलाच ठरल्याने दोन तिकिटे द्यायची आहेत, दलालांनी कृपया संपर्क करू नये, असे त्यात लिहिले होते. उभ्याने पाहायच्या त्या तिकिटाची मूळ किंमत ६,४५० रुपये होती आणि तो ९,००० रुपये मागत होता. बाजारभावाच्या मानाने ही वाढ इतकी माफक होती की मला संशय आला नाही. सौदा फारच स्वस्त असेल तर सावध राहावे हे सगळ्यांना माहीत असते, पण या माणसाने किंमत मुद्दाम अशा ठिकाणी ठेवली होती की ती लोभाचीही वाटू नये आणि फुकटचीही वाटू नये.

मी संपर्क केल्यावर त्याने पैशांची गोष्टच काढली नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर याच मंडळींचा कार्यक्रम झाला होता, तेव्हा तुम्ही होता का, असे त्याने विचारले. मी होते. तिथली धूळ, कार्यक्रमानंतर कुर्ला स्थानकापर्यंत चालत गेलेली गर्दी, यावर आम्ही दहा-पंधरा मिनिटे बोललो. मग तो म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण तुम्ही दलाल नाही याची मला खात्री हवी. तुमच्या आधार कार्डाचा फोटो पाठवाल का?" ज्याच्यावर मी संशय घ्यायचा तोच माझी तपासणी करत होता, आणि त्यामुळे तो मला अधिकच प्रामाणिक वाटला. मी फोटो पाठवला. बदल्यात त्याने तिकिटांचे छायाचित्र पाठवले, ज्यात चौकड्यांच्या मेणकापडावर दोन तिकिटे ठेवलेली होती आणि कोणी नक्कल करू नये म्हणून त्यांवरचा कोड त्याने अंगठ्याने झाकला होता. त्या अंगठ्याचे नख मधोमध उभे चिरलेले होते. ते छायाचित्र मी इतक्या वेळा पाहिले की ते नख आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पैसे दोन हप्त्यांत द्यायचे असे त्यानेच सुचवले: अर्धे आधी, अर्धे कुरिअरची पावती पाहिल्यावर. या कार्यक्रमाची तिकिटे छापील स्वरूपात घरपोच येणार होती, त्यामुळे कुरिअरने पाठवण्याची गोष्ट स्वाभाविक वाटली. रविवारी, ५ जानेवारीला मी यूपीआयने ९,००० रुपये पाठवले. पैसे पाठवण्याच्या पडद्यावर जे नाव आले ते त्याचे नव्हते, कुठल्याशा ट्रेडर्सचे होते. विचारल्यावर ते वडिलांचे दुकान असल्याचे उत्तर मिळाले. त्या पडद्यावर बँकेतल्या खात्याचे नाव दाखवतात ते याच कारणासाठी की पाठवणाऱ्याने थांबून ते वाचावे. मी वाचले, प्रश्नही विचारला, आणि मिळेल ते उत्तर मान्य केले. गुरुवारी, ९ तारखेला कुरिअरची पावती आली. पावतीवरचा क्रमांक कुरिअरच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला तेव्हा पाकीट खरोखरच निघालेले दिसले, म्हणून मी उरलेले ९,००० रुपयेही पाठवले.

पाकीट सोमवारी, भोगीच्या दिवशी आले. मी कार्यालयात होते. आईने तिळाचे हात पुसून सही केली आणि पाकीट देवघराशेजारी ठेवले, कारण ते भाचीच्या वाढदिवसाचे आहे हे तिला ठाऊक होते. संध्याकाळी भाची क्लासवरून आल्यावर आम्ही तिघींनी मिळून ते उघडले. वर फुगे असलेले प्लॅस्टिक, आत दोन जाड पुठ्ठे, आणि त्या पुठ्ठ्यांमध्ये एका गृहप्रकल्पाची दोन गुळगुळीत पत्रके होती, तिकिटाच्या आकारात नीट कापलेली. भाचीने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, चुकून दुसऱ्याचं पाकीट आलं असेल." मी फोन लावला तो लागला नाही. संदेश उघडले तर त्याने आपल्या बाजूचे बहुतेक सगळे संदेश माझ्याकडूनही पुसून टाकलेले होते.

पाकिटात पत्रके पाठवण्याची तसदी त्याने का घेतली, हे मला पोलीस ठाण्यात गेल्यावर कळले. "पाकीट मिळालं ना मॅडम? सही कोणाची आहे?" हा तिथला पहिला प्रश्न होता. कागदोपत्री माल पोहोचलेला होता आणि सही माझ्या आईची होती. आत काय होते हे सांगायला आमच्या तिघींच्या शब्दाशिवाय काही नव्हते. अशा प्रकारे काहीही मागवले असेल तर पाकीट बंद असतानाच चित्रण सुरू करावे, पत्ता आणि क्रमांक दाखवावा, आणि मग चित्रण न थांबवता ते उघडावे, ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर फार बरे झाले असते.

पाकीट उघडले त्याच रात्री मी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे तारीख, रक्कम, आपली बँक आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक विचारतात. तो यूपीआयच्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो आणि बोलण्याआधीच लिहून ठेवलेला असला तर वेळ वाचतो. तक्रार नोंदली गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ते रोखून धरण्याची सूचना जाते. ज्या खात्यात पैसे जातात तिथून ते काही तासांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकवले जातात, म्हणून इथे प्रत्येक तासाला महत्त्व आहे. माझ्या दुसऱ्या हप्त्यालाही चार दिवस उलटून गेले होते. साखळीतल्या पुढच्या एका खात्यात २,३०० रुपये रोखता आले, बाकीचे निघून गेले होते. रोखलेली रक्कमसुद्धा आपोआप परत येत नाही, त्यासाठी तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता.

बँकेकडून माझी फार अपेक्षा होती आणि ती चुकीच्या समजुतीवर उभी होती. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर त्याच्यावर भार पडत नाही, असे मी वाचलेले होते. पण ते संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते. मी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले होते, त्यामुळे फसवून घेतलेली संमती हीदेखील बँकेच्या लेखी संमतीच ठरली. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी हे मला सौजन्याने समजावून सांगितले, पण ते ऐकताना फार एकटे वाटले. पोलिसांकडील तक्रारीत भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले. ज्याला आपण सगळे अजूनही चारशेवीस म्हणतो त्याचे १ जुलै २०२४ पासूनचे हे रूप आहे. तिकिटे चढ्या भावाने पुन्हा विकण्याविरुद्ध मात्र नेमका नियम नाही. त्याविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, पण असे नियम करणे हे विधिमंडळाचे काम असल्याचे सांगून ती त्याच जानेवारीत फेटाळली गेली. काळा बाजार असा उघड चालू राहतो, तोपर्यंत माफक किंमत मागणारा भामटा सज्जन वाटत राहणार.

आधार कार्डाचा फोटो पाठवल्याची चिंता पैशांपेक्षा जास्त काळ टिकली. दुसऱ्याच दिवशी मी आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केले आणि आपल्या नावावर कोणी कर्ज काढलेले नाही ना हे पाहण्यासाठी पतअहवाल मागवला. ओळख दाखवण्याची वेळ आलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्यावे, आणि तेही तिकीट विकणाऱ्या अनोळखी माणसाला देऊ नये. आणखी एक प्रकार इथे नोंदवायला हवा. मी त्याच समूहात माझा अनुभव लिहिला, त्यानंतर दोन तासांच्या आत एका तथाकथित सायबर तज्ज्ञाचा संदेश आला. ३,००० रुपये भरल्यास सगळी रक्कम मिळवून देतो, फक्त एक अ‍ॅप उतरवून फोनचा पडदा मला दाखवा, असे तो म्हणत होता. मी त्या अवस्थेत ते करायला निघाले होते. भाचीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. नुकत्याच फसलेल्या माणसाला शोधून त्याला पुन्हा फसवणारी माणसे आहेत, आणि ती त्याच घोळक्यात बसलेली असतात.

१९ जानेवारीला आम्ही नेरूळला गेलो नाही. प्रवेशद्वाराशी एखादे तिकीट मिळेल असे भाचीला वाटत होते, पण मला पुन्हा कोणा अनोळखी माणसासमोर उभे राहण्याची इच्छा नव्हती. २६ तारखेचा अहमदाबादचा कार्यक्रम ओटीटीवर थेट दाखवला गेला, तो आम्ही आईसकट घरी बसून पाहिला. भाचीने एकदाही तक्रार केली नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

मार्चच्या ८ आणि ९ तारखेला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव होता. त्याच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका समूहात कोणीतरी विचारले की हा विक्रेता खात्रीचा आहे का, आणि खाली त्याने पाठवलेले छायाचित्र जोडले होते. नाव वेगळे होते, फोन क्रमांक वेगळा होता, चुलतभावाच्या लग्नाच्या जागी बहिणीचे बाळंतपण होते. पण मेणकापड तेच चौकड्यांचे होते आणि कोडवर ठेवलेल्या अंगठ्याचे नख मधोमध उभे चिरलेले होते. मी त्या मुलाला लगेच फोन केला. तो पुण्याचा होता, त्याने पहिला हप्ता तासाभरापूर्वीच पाठवला होता. त्याने माझ्याशी बोलणे थांबवून तिथल्या तिथे १९३० ला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा संदेश आला की त्याची पूर्ण रक्कम पहिल्याच खात्यात रोखली गेली आहे. दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी लावून मी माझ्या तक्रारीच्या क्रमांकासह तपास अधिकाऱ्यांकडे दिली. त्यांनी ती तक्रारीला जोडून घेतली आहेत.