‘लेमन ब्लू आय’ सांगून माझ्या गळ्यात सकर मारला

मासे मी बारा वर्षं पाळतेय. म्हणजे नवशिकी म्हणून फसले, असंही म्हणता येत नाही.

भांडुपच्या घरात माझा दोन फुटी टँक आहे, जेमतेम ५५ लिटरचा. त्यात ब्रिसलनोजची जोडी हवी होती. अंगावर चिलखतासारख्या तकटांचा हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. काचेला तोंड चिकटवून बसतो आणि पूर्ण वाढला तरी पाचेक इंच. त्यातला ‘लेमन ब्लू आय’ म्हणजे लिंबासारखं पिवळं अंग आणि निळे डोळे. महाग असतो.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ आला. जोडी २,८०० रुपये. “ताई, घरचं ब्रीडिंग आहे, म्हणून एवढ्यात देतोय.” अर्धे पैसे यूपीआयने आधीच घेतले. व्हिडिओत मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. कालनिर्णय नव्हे, त्यावरची वळणावळणाची लिपी मला ओळखूही आली नाही. म्हणजे व्हिडिओ त्याच्या घरचा नव्हताच, पण हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त मासे बघत होते.

दादरच्या पुलावर संध्याकाळी पावणेसातला भेट. आता विचार करते, ही वेळ त्याने उगाच नाही निवडली. काळ्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट हातात दिलं, उरलेले पैसे घेतले. “उजेडात बिथरतात, घरीच उघडा.” ठाणे स्लो लोकलमध्ये पाकीट छातीशी धरून, चार जणींचे धक्के खात घरी आणलं.

डोळे लाल होते!

फोन केला. “एलईडीमुळे तसे दिसतात, ताई.” मग मिशा कुठे आहेत? “लहान आहेत अजून, येतील.” ब्रिसलनोजच्या पिल्लांना मिशा नसतात हे खरंच आहे, वाढल्यावर येतात आणि नरालाच भरघोस. म्हणून मी गप्प बसले. लाल डोळ्यांवर मात्र अडून बसायला हवं होतं, कारण लाल डोळा म्हणजे अल्बिनो, अंगात रंगद्रव्यच नसलेला मासा. बल्ब कुठलाही लावा, निळ्याचा लाल होत नाही.

पाचव्या महिन्यात दोघं सहा-सहा इंचांचे झाले. झाडं उपटून तरंगू लागली, लेंड्यांच्या दोऱ्यांनी फिल्टर तुंबला, पाणी बदललं की दोन दिवसांत परत गढूळ. शेवटी क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका जुन्या दुकानदाराला फोटो दाखवला. त्याने मान वर न करताच सांगितलं, “हा आपला सकर. अल्बिनो. पाठीवरच्या पंखाच्या काड्या मोजा.”

सकर म्हणजे ब्रिसलनोजचाच थोराड भाऊबंद. दोघांतल्या फरकाची ही खूण लक्षात ठेवा. पाठीवरचा पंख उघडला की छत्रीसारख्या काड्या दिसतात. पुढचा जाड काटा सोडून ब्रिसलनोजच्या सात, सकरच्या साधारण दहा ते तेरा. माझ्याकडच्या दोघांच्या बारा-बारा भरल्या. आणि सकर दीड फुटापर्यंत वाढतो.

विकणाऱ्याला पुन्हा फोन. “मग पवई तलावात सोडून द्या ना.” असं कुणी कुणी सोडल्यामुळेच हा परका मासा आपल्या पाण्यात पसरलाय, उजनी धरणातसुद्धा मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. जाळ्यात म्हणजे कसा, ते मी घरीच बघितलं. टँकमधून काढताना त्याचे काटे जाळीत असे अडकले की जाळी कात्रीने कापावी लागली. सकर काढायचा तर डब्यानेच काढा.

तक्रार करायची म्हटलं तर पुरावा हवा. त्याने चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय आधीच चालू करून ठेवली होती. स्क्रीनशॉट मी घेतले नव्हते. पैसे गेले आणि मासाच आला नाही, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करता येतो. इथे मासा तर आलाय, मग सांगायचं काय? पैसे देण्याआधी निदान व्हिडिओ कॉल मागा, माशांचे आईबाप दाखवायला सांगा, पाकीट दिवसाउजेडी तिथेच उघडा. तो नाही म्हणाला तर गाडी पकडा.

एक सकर बदलापूरला सहा फुटी टँकवाल्याकडे दिला. दुसरा गॅलरीतल्या मोठ्या टबात आहे, आई त्याला काकडी घालते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच व्हिडिओ आला. तेच कॅलेंडर, भाव ३,२००. मी खाली लिहिलं, “पाठीवरच्या काड्या मोजून घ्या.” दहा मिनिटांत ॲडमिनने मला ग्रुपमधून काढलं.